हुकूम आणि प्रश्न



आपल्या इंदूरच्या मराठी घरांत दोन वाक्ये नेहमी वेगवेगळ्या आवाजांत बोलली जातात. ‘आमचा मुलगा फौजेत आहे’ हे वाक्य बैठकीच्या खोलीत, पाहुण्यांसमोर, मान ताठ करून बोलले जाते. ‘आमचा मुलगा राजकारणात आहे’ हे वाक्य बहुधा स्वयंपाकघरात, तेही विषय निघालाच तर. महू तासाभराच्या अंतरावर असल्यामुळे गणवेश आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. संसद मात्र दिल्लीला, आणि आपल्याला ती दिसते ती टीव्हीवर, बहुतेक वेळा गोंधळ चालू असतानाच.

मी या शाळेत एकतीस वर्षे नागरिकशास्त्र शिकवले. निवृत्तीनंतरही एनडीएच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांचा सामान्यज्ञानाचा तास अधूनमधून घेते. २०२२ पासून खडकवासल्याच्या प्रबोधिनीचे दरवाजे मुलींनाही उघडले, त्यामुळे आता या तासाला मुलीही असतात. त्यांच्यापैकीच एकीने मला विचारले होते, “बाई, सैन्यातला अधिकारी पुढे खासदार झाला, तर तो वर गेला म्हणायचं की खाली आला?” वर्ग हसला. मला मात्र तो प्रश्न मोलाचा वाटला, कारण तोच प्रश्न माझ्या माहेरी दुसऱ्या शब्दांत गाजून गेला होता. त्याबद्दल पुढे सांगते. आधी एका माणसाची हकीकत सांगते, म्हणजे उत्तर शोधायला आधार होईल. तो माणूस म्हणजे मेजर जसवंतसिंग.

सैन्यातून संसदेत गेलेले ते एकटेच नव्हेत. १९७१ साली ढाक्याला पाकिस्तानी सेनेची शरणागती स्वीकारणारे लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा पुढे राज्यसभेचे सदस्य झाले. हवाई दलातून आलेले राजेश पायलट लोकसभेत गेले आणि मंत्री झाले. मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी निवृत्तीनंतर गढवालमधून निवडून आले, रस्ते वाहतूक मंत्री झाले आणि पुढे उत्तराखंडचे मुख्यमंत्रीही. पण जसवंतसिंगांची वाट मला जास्त शिकवणारी वाटते. ती सरळ वर चढत गेलेली नाही. तिच्यात चढ आहेत, उतार आहेत आणि एकदोन ठिकाणी कडेही आहेत.

मुळात एक गोष्ट लक्षात घ्या. सेवेत असलेल्या सैनिकाला मत देता येते; पण पक्षाच्या प्रचारात भाग घेता येत नाही. आपल्या राज्यघटनेच्या कलम १०२ नुसार सरकारकडचे लाभाचे पद धारण करणारा माणूस संसदेचा सदस्य होऊ शकत नाही. म्हणजे संसदेत जायचे तर गणवेश उतरवूनच जावे लागते. हा नियम कोरडा वाटतो. पण त्यामागचे शहाणपण कळायला शेजारी पाहावे. पाकिस्तानात १९५८, १९७७ आणि १९९९ साली सेनापतींनी सत्ता हातात घेतली. आपल्याकडे ती वेळ आली नाही. ज्याच्या हातात शस्त्र त्याच्या हातात कायदा करण्याचा अधिकार नाही, आणि ज्याला कायदा करायचा आहे त्याने शस्त्र खाली ठेवून, मते मागून आत यायचे, हे आपण पहिल्यापासून पाळले.

जसवंतसिंगांचा जन्म ३ जानेवारी १९३८ रोजी राजस्थानातल्या बाडमेर जिल्ह्यात, जसोल या गावी झाला. हा सगळा वाळवंटी मुलूख. पाणी दुरून आणायचे आणि उंटाच्या चालीने प्रवास करायचा. अजमेरच्या मेयो कॉलेजात शाळेचे शिक्षण झाले, मग राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत प्रशिक्षण, आणि १९५७ साली, एकोणीस वर्षांचे असताना, ते सेनेत अधिकारी म्हणून दाखल झाले. त्यांना मिळालेल्या रेजिमेंटचे नाव सेंट्रल इंडिया हॉर्स.

हे नाव ऐकून आपण माळव्यातल्या लोकांनी कान टवकारायला हवेत. सेंट्रल इंडिया म्हणजे आपलाच हा मध्य भारत. १८५७ च्या धामधुमीत इंग्रजांनी या भागात जे रिसाले उभे केले, त्यांतून ही रेजिमेंट तयार झाली. तिची जुनी ठाणी दोन, एक गुना आणि दुसरे आगर. उज्जैनच्या पुढचे हे आगर २०१३ पासून आगर माळवा या नावाने स्वतंत्र जिल्हा झाले आहे. तिथे ज्यांचे नातेवाईक आहेत अशी मुले आपल्या शाळेत आहेत. पुढे घोडे गेले आणि रणगाडे आले. पण नाव तेच राहिले. बाडमेरच्या एका मुलाच्या खांद्यावर आपल्या मुलखाचे नाव होते, हे मला उशिरा कळले आणि तेव्हापासून या माणसाबद्दल जरा जास्त आपुलकी वाटू लागली.

१९६२ आणि १९६५ ही दोन्ही युद्धे झाली तेव्हा ते सेनेत होते. १९६६ साली, मेजर असताना, त्यांनी राजीनामा दिला. वय अठ्ठावीस. निवृत्तिवेतन मिळावे इतकी सेवा झालेली नव्हती, आणि समोर कोणते पदही वाढून ठेवलेले नव्हते. राज्यसभेत त्यांचा प्रवेश झाला तो १९८० साली, म्हणजे मधली चौदा वर्षे गेली. चरित्र लिहिणारे अशी वर्षे एका वाक्यात उरकतात. पण ज्याला ती काढावी लागतात त्याला ती पुरी चौदा असतात.

आता माझ्या माहेरची गोष्ट. माझा भाचा म्हणजे दादाचा मुलगा. मराठीत तो माझा भाचाच, आणि मी त्याची आत्या. तो चेन्नईच्या अकादमीतून शॉर्ट सर्व्हिसवर सेनेत गेला, दहा वर्षे राहिला आणि मेजर होऊन २०२० साली परत आला. दादाच्या बैठकीत त्याचा गणवेशातला फोटो अजूनही दारासमोर आहे. येणाऱ्याची नजर आधी त्यावरच पडते. २०२२ साली आपल्या नगर निगमच्या निवडणुका लागल्या, तेव्हा भाच्याने जेवताना सहज सांगावे तसे सांगितले की तो आपल्या वॉर्डातून पार्षदाच्या निवडणुकीला उभा राहणार आहे, तोही अपक्ष. महाराष्ट्रात ज्याला नगरसेवक म्हणतात तोच आपला पार्षद.

दादाने ताट बाजूला सारले. “दहा वर्षांत कमावलेली अब्रू दहा दिवसांत घालवायची आहे का? लोक काय म्हणतील, मेजरसाहेब नळाच्या भांडणात पडले?” भाचा म्हणाला, “बाबा, नळाला पाणी येत नाही म्हणूनच पडतोय.” त्यानंतर बापलेकांत जवळजवळ महिनाभर कामापुरतेच बोलणे होते. निरोप वहिनीमार्फत जात. वहिनी मला फोनवर म्हणाली, “तुम्हीच सांगा हो यांना काहीतरी, तुमचा विषयच आहे.” मी गेले, आणि दादाला जसवंतसिंगांबद्दल सांगू लागले. दादा बँकेतून निवृत्त झालेला, त्याला अर्थमंत्र्यांची नावे पाठ. म्हणून त्याने निदान ऐकून घेतले.

मी त्याला आधी हे सांगितले की सैन्यातला हुकूम आणि संसदेतला प्रश्न या वरवर पाहता उलट्या गोष्टी आहेत. सैन्यात आधी हुकूम पाळायचा, शंका नंतर. रणांगणावर प्रत्येक जण चर्चा करू लागला तर माणसे मरतील. संसदेत याच्या उलट. तिथे आधी प्रश्न. लोकसभेच्या कामकाजाचा पहिला तास प्रश्नोत्तराचाच असतो. दिवसाला वीस तारांकित प्रश्न, ज्यांना मंत्र्याने उभे राहून तोंडी उत्तर द्यायचे, आणि उत्तरावर पुन्हा पूरक प्रश्न. मंत्री कितीही मोठा असो, त्याला ‘हुकूम आहे’ एवढे सांगून बसता येत नाही. नऊ वर्षे हुकूम देण्याघेण्यात घालवलेल्या माणसाने या दुसऱ्या घरात जाऊन काय केले, ते पाहण्यासारखे आहे.

पहिली सोळा वर्षे त्यांना मंत्रिपद नव्हते. १९८० आणि १९८६ साली राज्यसभा, १९८९ साली जोधपूरमधून लोकसभा, १९९१ आणि १९९६ साली चित्तौडगडमधून. आपल्या इंदूरने सुमित्राताई महाजनांना पहिल्यांदा लोकसभेत पाठवले तेही १९८९ सालीच. पुढे त्या आठ वेळा निवडून आल्या आणि २०१४ ते २०१९ या काळात लोकसभेच्या अध्यक्ष होत्या. जसवंतसिंग पहिल्यांदा मंत्री झाले ते १९९६ च्या मे महिन्यात. खाते अर्थ, आणि सरकार टिकले तेरा दिवस. १९९८ साली त्यांचा पक्ष सत्तेवर आला. पण ते स्वतः चित्तौडगडमध्ये हरले. पक्ष जिंकला आणि आपण हरलो, हा अनुभव सोपा नसतो. त्यांना नियोजन आयोगाचे उपाध्यक्षपद मिळाले, मग ते राज्यसभेवर गेले आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात परराष्ट्रमंत्री झाले.

त्याच वर्षी मे महिन्यात पोखरणला अणुचाचण्या झाल्या होत्या. अमेरिकेने निर्बंध घातले. पंतप्रधान वाजपेयींनी बोलणी करायला जसवंतसिंगांना पाठवले. समोर होते अमेरिकेचे उपपरराष्ट्रमंत्री स्ट्रोब टॅलबट. जून १९९८ पासून पुढची दोन वर्षे हे दोघे चौदा वेळा भेटले, सात देशांत. टॅलबट यांनी नंतर त्यावर एक पुस्तकच लिहिले. कोणीही कोणाला हरवले नाही, कोणी पूर्ण जिंकलेही नाही. पण मार्च २००० मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन भारतात आले, तोवर दोन देशांची बोलण्याची भाषा बदललेली होती. सैनिकाने न लढता केलेल्या कामाचे हे उदाहरण आहे. न कंटाळता पुन्हा त्याच टेबलापाशी बसणे, यालाही एक शिस्त लागते.

मग डिसेंबर १९९९. हे प्रकरण मी वर्गात नेहमी सावकाश शिकवत असे. २४ डिसेंबरला काठमांडूहून दिल्लीला येणारे इंडियन एअरलाइन्सचे विमान अपहरणकर्त्यांनी पळवले. अमृतसर, लाहोर, दुबई करत ते अफगाणिस्तानात कंदाहारला नेले गेले. एका प्रवाशाची हत्या झाली. दिल्लीत ओलिसांचे नातेवाईक रस्त्यावर आले होते. सरकारने शेवटी तीन दहशतवाद्यांना सोडायचे ठरवले आणि ३१ डिसेंबरला त्या तिघांना घेऊन जे विमान कंदाहारला गेले, त्यात परराष्ट्रमंत्री जसवंतसिंग होते.

त्यांच्यावर टीका झाली, आणि ती अनाठायी म्हणता येणार नाही. देशाचा मंत्री दहशतवाद्यांबरोबर एका विमानात जातो, यातून जगाला काय दिसले? सोडलेल्यांपैकी मसूद अजहरने लवकरच जैश-ए-मोहम्मद ही संघटना काढली. १३ डिसेंबर २००१ रोजी आपल्या संसदेवर हल्ला झाला, त्यामागे लष्कर-ए-तय्यबा आणि जैश असल्याचे सरकारने सांगितले. ज्या संसदेत जसवंतसिंग बसत होते त्याच संसदेच्या दारात आपले सुरक्षा कर्मचारी धारातीर्थी पडले. दुसरी बाजूही आहे. विमानात दीडशेहून जास्त माणसे होती. निर्णय एकट्याचा नव्हता, सरकारचा होता. ऐन वेळी तिथे काही अडले तर जागेवर निर्णय घेऊ शकणारा कोणीतरी असावा म्हणून आपण गेलो, असे त्यांनी पुढे सांगितले आणि लिहिले. ओलीस परत आले.

वर्गात मी मुलांना विचारत असे, तुम्ही काय केले असते? अर्धा वर्ग एका बाजूला, अर्धा दुसऱ्या बाजूला. मी कधी निकाल दिला नाही. एवढेच सांगत असे की बरोबर-चूक ठरवणे आपल्या हाती आहे. पण एक गोष्ट दोन्ही बाजूंनी मान्य करावी. सरकारने घेतलेल्या सर्वांत कडू निर्णयाच्या वेळी हा माणूस दिल्लीत बसून राहिला नाही. आणि पुढची वीस वर्षे जेव्हा जेव्हा कंदाहारचे नाव निघाले, तेव्हा तेव्हा त्यांचेच नाव आधी घेतले गेले.

त्यांनी २००१ साली काही महिने संरक्षण खात्याचा जादा भारही सांभाळला. म्हणजे एकेकाळी मेजर असलेला माणूस तिन्ही सेनादलांच्या प्रमुखांचा मंत्री झाला. जुलै २००२ मध्ये त्यांच्याकडे अर्थखाते आले. तिथे त्यांचे सल्लागार होते आपले विजय केळकर. करपद्धती सोपी करण्यासाठी केळकरांच्या अध्यक्षतेखालच्या गटांनी २००२ साली अहवाल दिले. सरकारने उत्पन्नापेक्षा किती जास्त खर्च करावा याला लगाम घालणारा वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा २००३ साली झाला. त्या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी केळकरांच्याच अध्यक्षतेखाली नेमलेल्या गटाने २००४ साली देशभर एकच वस्तू व सेवा कर असावा असे सुचवले. तो कर, म्हणजे आजचा जीएसटी, १ जुलै २०१७ रोजी आला. तोवर सरकार दोनदा बदलले होते. दादाला हे सांगितले तेव्हा तो पहिल्यांदा काही बोलला. म्हणाला, “म्हणजे पेरणारा एक, कापणारा दुसराच.” मी म्हटले, “संसदेत बहुतेक असेच असते, दादा.”

मला स्वतःला त्यांच्या कारकिर्दीतली आणखी एक गोष्ट आवडते. १९९९ ते २००४ या काळात जसवंतसिंग राज्यसभेत सभागृहनेते होते, आणि विरोधी पक्षनेते होते डॉ. मनमोहनसिंग. २००४ साली सरकार बदलले. मनमोहनसिंग पंतप्रधान झाले आणि राज्यसभेचे सभागृहनेतेही. जसवंतसिंग समोरच्या बाजूला, विरोधी पक्षनेत्याच्या जागी आले. दोघांनी अर्थखाते सांभाळलेले, आणि दोघांनी एकमेकांना प्रश्न विचारलेले. आधी ज्याला उत्तर द्यायचे होते, तो आता प्रश्न विचारू लागला. सैन्यात असे कधी होत नाही. संसदेत होते, आणि ते झाले म्हणून कोणी कोणाचा शत्रू ठरत नाही. आपल्या पाठ्यपुस्तकात लोकशाहीची व्याख्या आहे. मला ही खुर्च्यांची अदलाबदल त्या व्याख्येपेक्षा जास्त समजावणारी वाटते.

मग २००९ साल. मे महिन्यात ते दार्जिलिंगमधून लोकसभेवर निवडून आले. वाळवंटातला माणूस डोंगराचा प्रतिनिधी झाला. ऑगस्टमध्ये त्यांचे जीनांवरचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. फाळणीला जबाबदार कोण, या प्रश्नाची त्यांनी केलेली मांडणी त्यांच्या पक्षाला मान्य नव्हती. दोन दिवसांत, १९ ऑगस्टला, पक्षाने त्यांना काढून टाकले. पक्षाच्या स्थापनेपासून ते पक्षात होते. तीस वर्षांचे नाते फोनवर तुटले. गुजरात सरकारने पुस्तकावर बंदी घातली, ती सप्टेंबरात तिथल्या उच्च न्यायालयाने रद्द केली.

पुस्तकातली मते बरोबर की चूक, यात मी इथे शिरत नाही. इतिहासकारांचे त्यावर एकमत नाही आणि मुलांनी मोठे झाल्यावर ते वाचून स्वतः ठरवावे. मुद्दा वेगळा आहे. आपल्या संसदेतही एक हुकूम असतो. त्याला पक्षादेश म्हणतात. सगळे व्हिप म्हणूनच ओळखतात. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर सभागृहात पक्षादेश मोडून मत दिले तर सदस्यत्व जाऊ शकते. पण पक्षादेश सभागृहातल्या मतदानापुरता असतो. काय वाचावे, काय लिहावे, इतिहासाबद्दल काय वाटावे, यावर तो नसतो. पक्षाला न पटणाऱ्या सदस्याला काढण्याचा अधिकार पक्षाला होता, तो त्याने वापरला. लिहिण्याचा अधिकार जसवंतसिंगांना होता, तो त्यांनी वापरला आणि त्याची किंमत दिली. खासदारकी मात्र राहिली, कारण ती दार्जिलिंगच्या मतदारांनी दिली होती.

त्या वेळी ते लोकलेखा समितीचे अध्यक्ष होते. सरकारने पैसा कसा खर्च केला हे तपासणारी ही बावीस सदस्यांची समिती, आणि तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे. पक्षाने ते पद सोडायला सांगितले. त्यांनी लगेच सोडले नाही, वर्षअखेरीला सोडले. त्यांच्यानंतर त्या जागेवर आपले गोपीनाथ मुंडे आले. जून २०१० मध्ये पक्षाने जसवंतसिंगांना परत घेतले. २०१२ साली ते उपराष्ट्रपतिपदाचे उमेदवार होते. हमीद अन्सारींना ४९० मते पडली, त्यांना २३८.

शेवटची निवडणूक २०१४ ची. आयुष्यभर इतर ठिकाणांहून लढलेल्या जसवंतसिंगांना ती आपल्या घरच्या बाडमेरमधून लढवायची होती. तिकीट मिळाले नाही. त्यांनी अपक्ष अर्ज भरला, आणि पक्षाने त्यांना दुसऱ्यांदा काढले. समोर पक्षाचे उमेदवार होते सैन्यातले निवृत्त कर्नल सोनाराम चौधरी. एका मेजरची आणि एका कर्नलची ही लढाई मतपेटीतून झाली. मेजर सुमारे ८७ हजार मतांनी हरले. निकाल लागला, लोकांनी तो मानला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते घरात पडले, डोक्याला जबर मार लागला आणि ते पुन्हा सावरले नाहीत. सहा वर्षांनी, २७ सप्टेंबर २०२० रोजी, दिल्लीच्या सेना रुग्णालयात त्यांचे निधन झाले. नऊ वेळा संसदेत गेलेल्या माणसाचा अखेरचा मुक्काम पुन्हा सैन्याच्याच छत्राखाली होता.

दादाला हे सगळे मी दोन संध्याकाळी मिळून सांगितले. तो लगेच पटला असे नाही. “एवढा मोठा माणूस, आणि शेवटी घरच्यांनीच बाहेर काढलं,” असे तो म्हणाला. मी म्हटले, “बरोबर. म्हणून तर विचारते, त्याने गणवेशात कमावलेली अब्रू गेली का?” दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “निवडणूक हरला. अब्रू नाही गेली.”

भाचा उभा राहिला आणि हरला. अनामत रक्कमही गेली. निकालाच्या संध्याकाळी दादाने त्याला एवढेच विचारले, “चहा घेणार का?” महिनाभरानंतरचे ते पहिले सरळ वाक्य. दादाने स्वतःचे मत कोणाला दिले, हे आम्ही कोणी विचारले नाही; मतदान गुप्त असते. भाचा अजूनही दर सोमवारी वॉर्डातल्या तक्रारींची यादी घेऊन झोन कार्यालयात जातो. जो निवडून आला त्याच्याशीही त्याचे बोलणे असते. पाण्याची वेळ अजून पूर्ण सुधारलेली नाही. पण आमच्या गल्लीत आता पाच-सात जण तरी अर्ज कसा लिहायचा, पोच कशी घ्यायची, पंधरा दिवसांनी पुन्हा कसे विचारायचे, हे शिकले आहेत. दादा त्या अर्जांचे शुद्धलेखन तपासतो.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे. गणवेशातून संसदेत जाणे म्हणजे वर जाणे नाही आणि खाली येणेही नाही. मला वाटते, ते एकाच गोष्टीकडे दुसऱ्या दाराने जाणे आहे, आणि ती गोष्ट म्हणजे आपल्या कामाचे उत्तर आपण देणे. चांगला सैनिक हुकूम पाळतो, आणि त्याचे जे होईल त्याची जबाबदारी दुसऱ्यावर ढकलत नाही. चांगला खासदार प्रश्न विचारतो, आणि स्वतःला प्रश्न विचारला गेला की पळत नाही. ज्याला नुसता हुकूम येतो तो यंत्र होतो. ज्याला नुसता प्रश्न येतो तो टीकाकार होतो. दोन्ही जमणारी माणसे थोडी असतात, आणि त्यांचेही सगळेच निर्णय बरोबर येतात असे नाही.

म्हणून विश्वस्त मंडळींना आणि मुख्याध्यापकांना माझी एक विनंती आहे. आपल्या शाळेत दर शनिवारी कवायत होते, आणि ती छान होते. १५ ऑगस्टला आपल्या मुलांचे संचलन पाहायला आजूबाजूचे लोक येतात. पाय एकदम पडतात, याचा आपल्याला अभिमान आहे. त्याच शनिवारी, कवायतीनंतर, महिन्यातून एकदा तरी प्रश्नोत्तराचा एक तास ठेवावा. मुलांनी प्रश्न आठवडाभर आधी लेखी द्यावेत, कारण संसदेतही आधी सूचना द्यावी लागते. प्रश्न शाळेबद्दल असावेत. ग्रंथालय चारनंतर बंद का होते? पाण्याची टाकी कधी धुतली? सहलीच्या वर्गणीतून उरलेल्या पैशांचे काय झाले? उत्तर देणाऱ्याने उभे राहून उत्तर द्यावे, मग ते शिक्षक असोत, मुख्याध्यापक असोत किंवा विश्वस्त. उत्तर माहीत नसेल तर पुढच्या महिन्यात देतो म्हणावे, आणि द्यावे.

काही पालकांना भीती वाटेल की मुले उद्धट होतील. माझा अनुभव असा की ज्याला सभ्यपणे विचारायची जागा मिळते, तो पाठीमागे ओरडत नाही. उद्धटपणा बहुतेक वेळा दाबलेल्या प्रश्नातून येतो. आणि जी मुले यंदा एनडीएच्या परीक्षेला बसत आहेत, त्यांनाही या तासाला आवर्जून बसवावे. त्यांना पुढे अनेक वर्षे हुकूम पाळायचे आणि द्यायचे आहेत. प्रश्नाचे उत्तर उभे राहून कसे द्यायचे, हे इथून शिकून गेली तर ती अधिक चांगले अधिकारी होतील. आणि त्यांच्यापैकी कोणी पुढे गणवेश उतरवून लोकांपुढे मत मागायला उभे राहिलेच, तर त्यांच्या घरच्यांना ते स्वयंपाकघरात कुजबुजून सांगावे लागणार नाही.